कॅनडात नव्याने आलात? टीएफएसए, एफएचएसए, आरआरएसपी: आधी काय, किती आणि कधी

फेब्रुवारी उजाडला की मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनकडच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "ऑक्टोबरमध्ये आलो, लगेच नोकरी लागली. बँकेत आरआरएसपी उघडून दिलं, पाच हजार टाकलेत. टॅक्स वाचेल ना?" वाचणार नाही. उलट दंड लागू शकतो, कारण ज्या वर्षी तुम्ही आलात त्या वर्षी तुमची आरआरएसपीची, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्याची, मर्यादा शून्य असते.

दुसरा फोन याहून महागाचा असतो. "टीएफएसएची मर्यादा १,०९,००० डॉलर वाचली, म्हणून पुण्याच्या फ्लॅटचे आलेले साठ हजार त्यात ठेवले." टीएफएसए म्हणजे करमुक्त बचतीचं खातं, आणि ती मर्यादा २००९ पासून इथे राहणाऱ्या आणि तेव्हा १८ वर्षांच्या असलेल्या माणसाची आहे. तुमची नाही.

हे लोक निष्काळजी नसतात. पै-पै जपणारी, भारतात पीपीएफ आणि एफडी नीट सांभाळलेली माणसं असतात. इथे नियम वेगळे आहेत आणि क्रम चुकतो, एवढंच. म्हणून वर्क परमिट किंवा पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) गेल्या पाच-सहा वर्षांत आलेल्या नोकरदारांसाठी हा क्रम लिहून काढला आहे. आकडे २०२६ चे आहेत. क्युबेकमध्ये राहणाऱ्यांना प्रांताचा वेगळा रिटर्न भरावा लागतो, तेवढं ध्यानात ठेवा.

पुढे 'रूम' हा शब्द सारखा येईल. एखाद्या खात्यात आज तुम्ही कायद्याने किती पैसे भरू शकता, ती उरलेली जागा म्हणजे रूम. तिन्ही खात्यांची (तिसरं एफएचएसए, पहिल्या घरासाठीच्या बचतीचं) रूम वेगळी असते आणि वेगळ्या रीतीने वाढते. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

## टप्पा १: तारीख आणि त्या दिवसाचे कागद

पहिलं काम पैशाचं नाही, तारखेचं आहे. कर भरण्याच्या दृष्टीने तुम्ही कॅनडाचे रहिवासी कोणत्या दिवशी झालात, ते वहीत लिहा. बहुतेकांच्या बाबतीत तो घर करायला म्हणून इथे उतरल्याचा दिवस असतो.

इथे एक खास आपल्याकडची अडचण येते. पीआरचा शिक्का मिळावा म्हणून बरेच जण दोन आठवडे येऊन जातात, भारतातली नोकरी चालू ठेवतात आणि वर्षभराने बिऱ्हाड हलवतात. बायको-मुलं, घर, नोकरी सगळं भारतातच असताना केलेली ती फेरी म्हणजे कराच्या भाषेत रहिवास नव्हे. टीएफएसएची रूम त्या शिक्क्यापासून सुरू होत नाही.

त्या तारखेला भारतात तुमच्या नावावर जे होतं, त्याची त्या दिवसाची किंमत जपून ठेवा: म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट, डीमॅटमधल्या शेअरचे भाव, फ्लॅटचं मूल्यांकन, त्या दिवसाचा डॉलर-रुपया दर. कॅनडा असं धरतो की या वस्तू तुम्ही त्या दिवशी, त्या दिवसाच्या बाजारभावाने घेतल्या. २०१२ साली पन्नास हजारांना घेतलेले शेअर तुम्ही आलात तेव्हा पाच लाखांचे झाले असतील, तर मधल्या वाढीवर कॅनडा कर मागत नाही. पण त्या दिवसाची किंमत दाखवायला कागद हवा. दहा वर्षांनी तो शोधणं फार कष्टाचं होतं.

भारतातल्या बँकेलाही कळवा आणि साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घ्या. आईच्या औषधांचे पैसे त्याच खात्यातून जातात म्हणून ते तसंच ठेवणारे पुष्कळ आहेत. एनआरओमधूनही ते पैसे जातात.

तपासा: तुमचा सिन, म्हणजे इथला सोशल इन्शुरन्स नंबर, ९ ने सुरू होतो का? मग तो तात्पुरता आहे. पीआर झाल्यावर नवा मिळतो. तो बँक, नोकरीवरचा मालक आणि सीआरए (कॅनडाचं करखातं) अशा तिन्हीकडे बदलून घ्यावा लागतो.

## टप्पा २: पहिला रिटर्न, उत्पन्न नसलं तरी

पहिल्या वर्षी कमाई झाली नसली तरी रिटर्न भरा. मुदत पुढच्या वर्षाच्या ३० एप्रिलची. रिटर्नवर कॅनडात आल्याची तारीख लिहायची जागा असते. ती रिकामी ठेवू नका. ती नसली तर सीआरएच्या माय अकाउंट या ऑनलाइन खात्यात तुमची टीएफएसएची रूम फुगलेली दिसू शकते आणि तो आकडा खरा मानून पैसे भरले तरी दंड तुम्हालाच लागतो.

जीएसटी क्रेडिटसाठी (कमी-मध्यम उत्पन्नाच्या लोकांना सरकार देतं ते पैसे) रिटर्नची वाट पाहायची गरज नाही. मूल नसेल तर आरसी १५१ हा फॉर्म आल्या-आल्या भरता येतो. मुलं असतील तर चाइल्ड बेनिफिटचा आरसी ६६ आणि त्याची पुरवणी भरा. नंतर हे चालू राहावं म्हणून नवरा-बायको दोघांनीही दरवर्षी रिटर्न भरायला हवा. घरी असलेल्या जोडीदाराचा रिटर्न राहतो आणि मुलांचे पैसे बंद होतात, असं सर्रास घडतं.

रहिवासी झाल्यापासून जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. एनआरई (परदेशातून पाठवलेल्या पैशाच्या अनिवासी खात्यातल्या) एफडीचं व्याज भारतात करमुक्त आहे, कॅनडात नाही. एनआरओच्या व्याजावर भारतात कापलेल्या कराची वजावट इथल्या करातून ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळते, म्हणून टीडीएसचे कागद ठेवा.

सावधान: भारतातल्या एफडी, फंड, शेअर, भाड्याने दिलेला फ्लॅट यांची एकूण खरेदी किंमत १,००,००० कॅनेडियन डॉलरच्या वर गेली की टी ११३५ हा फॉर्म लागतो. खरेदी किंमत म्हणजे इथे टप्पा १ मध्ये जपलेली किंमत. पहिल्या वर्षी हा फॉर्म माफ असतो, आणि त्यामुळेच दुसऱ्या वर्षी विसरतो. उशिराचा दंड दिवसाला २५ डॉलर, २,५०० पर्यंत. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या वापरातलं घर यात धरत नाहीत.

## टप्पा ३: कार्ड आणि हाताशी पैसा

हा टप्पा छोटा आहे, पण गाळू नका. क्रेडिट कार्डावर जवळपास २० टक्के व्याज चालू असताना टीएफएसएत पैसे टाकणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं. आधी कार्ड शून्यावर आणा. मग तीन महिन्यांचं भाडं, किराणा, गाडीचा विमा आणि फोन भागेल एवढी रक्कम साध्या बचत खात्यात ठेवा. इथे नोकरी जायला दोन आठवड्यांची नोटीसही पुरते, हे नव्याने आलेल्यांच्या ध्यानात नसतं.

## टप्पा ४: मालक काय देतो ते विचारा

एचआरला एकच प्रश्न विचारा: मी भरले तर कंपनी तेवढेच भरते का, आणि ते कशात जातात? पगाराच्या चार टक्के तुम्ही भरले आणि चार टक्के कंपनीने, तर त्याहून चांगला परतावा कुठेच नाही. हे पैसे सोडू नका.

फक्त पहिल्या कॅलेंडर वर्षात थांबून बघा. ग्रुप आरआरएसपी, म्हणजे कंपनीमार्फत उघडलेलं आरआरएसपी, असेल तर कंपनीने भरलेले पैसेही तुमच्याच रूममध्ये मोजतात, आणि त्या वर्षी तुमची रूम शून्य असते. आयुष्यभरात २,००० डॉलरपर्यंत जादा भरलं तर दंड नाही, त्याच्या वर महिन्याला १ टक्का. म्हणून पहिल्या डिसेंबरपर्यंत दोन्हींची बेरीज २,००० च्या आत राहील असा टक्का ठरवा, किंवा जानेवारीपासून सुरू करा. योजना ग्रुप आरआरएसपी नसून पेन्शन प्लॅन असेल तर हिशेब वेगळा आहे. तिथे पुढच्या वर्षीची रूम कमी होते.

## टप्पा ५: टीएफएसए

नावात 'सेव्हिंग्ज अकाउंट' आहे म्हणून लोक त्यात पैसे टाकतात आणि नुसते पडून ठेवतात. टीएफएसए हा डबा आहे. त्यात बचत ठेवा, जीआयसी म्हणजे इथली एफडी ठेवा, ईटीएफ म्हणजे शेअरबाजारात विकले जाणारे फंड ठेवा. आत जे वाढेल त्यावर कर नाही आणि काढतानाही कर नाही. भरताना मात्र उत्पन्नातून वजावट मिळत नाही. पहिल्या वर्षी उत्पन्न कमी असतं, वजावटीचा फायदाही कमी असतो, म्हणूनच हे खातं पहिलं.

रूम कशी मोजायची. ज्या वर्षी आलात त्या वर्षाची पूर्ण मर्यादा मिळते, डिसेंबरमध्ये उतरलात तरी. वय १८ पूर्ण हवं आणि सिन वैध हवा. मर्यादा २०१९ ते २०२२ दरवर्षी ६,०००, २०२३ मध्ये ६,५००, आणि २०२४, २०२५, २०२६ प्रत्येकी ७,०००. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ३४ वर्षांच्या माणसाची २०२६ मधली एकूण रूम २१,०००. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः बेरीज करा.

आता सुरुवातीचा फ्लॅटवाला फोन घ्या. २१,००० च्या जागी फेब्रुवारीत ६०,००० टाकले, म्हणजे जादा ३९,०००. दंड महिन्याला ३९० डॉलर. डिसेंबरपर्यंत लक्षात आलं नाही तर अकरा महिन्यांचे ४,२९०.

काढलेले पैसे त्याच वर्षी परत भरू नका. काढलेल्या रकमेची रूम परत मिळते, पण पुढच्या १ जानेवारीला. ही चूक मी स्वतः केली आहे. रूम पूर्ण भरलेली होती. मे महिन्यात सांगलीला बाबांच्या ऑपरेशनसाठी ४,००० काढले आणि सप्टेंबरमध्ये पैसे जमले तसे परत ठेवले. माझेच पैसे, माझ्याच खात्यात, यात चूक असेल असं मनातही आलं नाही. बँकेच्या अॅपने अडवलं नाही, कारण अडवणं त्यांचं काम नाही. पुढच्या उन्हाळ्यात पत्र आलं: चार महिने, महिना ४० डॉलर, १६० दंड. रक्कम मोठी नव्हती, पण ते पत्र हातात धरून बसलो तेव्हाची धाकधूक अजून आठवते. कुणालाही ती येऊ नये असं वाटतं.

बँक बदलताना पैसे स्वतः काढू नका. ते काढणंच धरलं जातं. नव्या बँकेकडे ट्रान्सफरचा फॉर्म भरा, पैसे थेट तिकडून येऊ द्या.

तपासा: माय अकाउंटमधला आकडा १ जानेवारीचा असतो. या वर्षी तुम्ही काय भरलं ते त्यात नाही. गेल्या वर्षाची माहिती बँका फेब्रुवारीअखेर पाठवतात, त्यामुळे वसंत ऋतूपर्यंत तोही अर्धवट असू शकतो. तारीख, भरले, काढले अशा तीन रकान्यांची वही ठेवा आणि तिच्यावर विसंबा.

जोडीदारासोबत संयुक्त टीएफएसए निघत नाही. पण तुम्ही जोडीदाराला पैसे देऊन त्याचं खातं भरू शकता, त्यावर करही नाही. भारतात परत गेलात तर रहिवास संपल्यानंतर त्यात भर घालू नका, त्यालाही महिन्याला १ टक्का लागतो.

## टप्पा ६: एफएचएसए

पहिलं घर घेण्याचा विचार पाच-सात वर्षांत असेल तर हे खातं आरआरएसपीच्या आधी. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या या खात्यात वर्षाला ८,००० आणि आयुष्यात ४०,००० भरता येतात. भरताना आरआरएसपीसारखी वजावट मिळते, घरासाठी काढताना टीएफएसएसारखा कर लागत नाही. आधीच्या वर्षाची कमाई लागत नाही, म्हणून पहिल्या वर्षीही चालतं.

रूम आपोआप साठत नाही. खातं उघडलं त्या वर्षापासूनच सुरू होते. आज हातात पैसे नसले तरी ३१ डिसेंबरच्या आत उघडून ठेवलं तर पुढच्या वर्षी १६,००० ची जागा होते. न वापरलेली रूम ८,००० पर्यंतच पुढे जाते.

आधी पात्रता तपासा. भारतातलं घर इथे आडवं येतं. खातं उघडण्याच्या वर्षात किंवा त्याआधीच्या चार कॅलेंडर वर्षांत, तुमच्या किंवा सध्याच्या जोडीदाराच्या मालकीच्या घरात तुम्ही मुख्य घर म्हणून राहिला असाल तर खातं उघडता येत नाही. घर कॅनडाबाहेरचं असलं तरी. फॉर्मवर 'फर्स्ट टाइम होम बायर' वाचून लोक 'कॅनडात पहिलंच' असा अर्थ लावतात आणि सही करतात.

एक उदाहरण. कोथरूडच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये जून २०२३ पर्यंत राहून एक जण इथे आला, त्यानंतर भाड्याच्याच घरात आहे. २०२७ मध्ये मागची चार वर्षं मोजली तर २०२३ त्यात येतं. म्हणून त्याला खातं १ जानेवारी २०२८ पासून उघडता येईल. आई-वडिलांच्या नावावरच्या घरात राहत होतात तर अडचण नाही. फ्लॅट तुमचा होता पण तो भाड्याने देऊन तुम्ही बंगळुरूला भाड्याने राहत होतात, तरी नाही. मालकीत तुमचंही नाव असेल तर संयुक्त मालकीही धरली जाते. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि खरेदीखत काढून नावं वाचा, आठवणीवर जाऊ नका.

सावधान: वजावटीसाठी मुदत ३१ डिसेंबरची. आरआरएसपीचे जादा ६० दिवस इथे नाहीत. ज्या वर्षी खातं उघडलं त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये शेड्यूल १५ ही पुरवणी भरा, एक डॉलरही टाकला नसला तरी.

वजावट लगेच घ्यायलाच हवी असं नाही. ऑन्टारियोत ४५,००० उत्पन्नावर शेवटच्या डॉलरला १९.०५ टक्के कर बसतो, ८०,००० वर २९.६५ टक्के. ८,००० ची वजावट पहिल्या वर्षी वापरली तर १,५२४ वाचतात. पगार वाढल्यावर वापरली तर २,३७२. पैसे आज भरा, शेड्यूलवर भरल्याचं दाखवा आणि वजावट पुढे ढकला.

घर घेतलंच नाही तर ही रक्कम आरआरएसपीत हलवता येते, तिथली रूम न वापरता. त्यामुळे खातं उघडून पैसे अडकतील ही भीती नको.

## टप्पा ७: आरआरएसपी

आता याची पाळी. रूम म्हणजे गेल्या वर्षीच्या कॅनडातल्या कमाईच्या १८ टक्के. २०२६ साठी कमाल ३३,८१०. ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ मध्ये ३०,००० कमावले असतील तर २०२६ ची रूम ५,४००. इथे येण्यापूर्वीचा भारतातला पगार मोजत नाहीत. नेमका आकडा रिटर्ननंतर येणाऱ्या नोटीस ऑफ असेसमेंटमध्ये छापलेला असतो. ती नोटीस हातात येईपर्यंत भरू नका, हा माझा आग्रह आहे.

वर्ष संपल्यावर पहिल्या ६० दिवसांत भरलेले पैसे मागच्या वर्षाच्या वजावटीत घेता येतात. घ्यायचे नसले तरी ते मागच्याच वर्षाच्या शेड्यूल ७ वर दाखवावे लागतात. "पुढच्या वर्षी दाखवू" म्हणून पावती बाजूला ठेवली की घोळ होतो.

अधेमधे पैसे काढायचे असतील तर हे खातं त्यासाठी नाही. क्युबेकबाहेर ५,००० पर्यंत १० टक्के, १५,००० पर्यंत २० टक्के, त्यावर ३० टक्के जागीच कापतात, काढलेली रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात धरतात आणि गेलेली रूम परत येत नाही. पहिल्या घरासाठी मात्र होम बायर्स प्लॅनखाली प्रत्येकी ६०,००० पर्यंत कर न भरता काढता येतात आणि ठरलेल्या मुदतीनंतर १५ वर्षांत परत भरावे लागतात. पैसे खात्यात किमान ९० दिवस राहिलेले हवेत. घराचा करार तोंडावर आल्यावर आरआरएसपी भरून उपयोग नसतो.

मुलं असतील तर आरआरएसपी ठासून भरण्याआधी आरईएसपी (मुलांच्या शिक्षणासाठीचं बचत खातं) बघा. मुलाच्या नावे वर्षाला २,५०० भरले की सरकार ५०० घालतं, एकूण ७,२०० पर्यंत. मुलाचा सिन काढलेला हवा.

## टप्पा ८: जादा भरले गेलेच तर

पत्राची वाट पाहू नका. जादा रक्कम लक्षात आली त्याच दिवशी काढा. दंड महिन्यावर मोजला जातो, त्यामुळे ३१ तारखेला काढले तर १ तारखेपासूनचा पुढचा महिना वाचतो. टीएफएसएसाठी आरसी २४३ हा फॉर्म पुढच्या वर्षाच्या ३० जूनपर्यंत भरायचा असतो. आरआरएसपीसाठी टी १ ओव्हीपी, वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत.

सोबत सीआरएला पत्र लिहा: चूक कशी झाली, कधी कळली, पैसे कोणत्या तारखेला काढले. चूक समजण्यासारखी असेल आणि पैसे तातडीने काढले असतील तर दंड माफ करण्याचा अधिकार त्यांना आहे. बँकेचं स्टेटमेंट जोडा, ज्यात भरल्याची आणि काढल्याची अशा दोन्ही तारखा दिसतील. पत्र माय अकाउंटमधून पाठवलं तर पोचल्याचा क्रमांक मिळतो. तो त्याच वहीत, टीएफएसएच्या पानावर लिहून ठेवा.